चेहरा एक, माणसे अनेक

तुमच्या मोहल्ल्यात कधी बहुरूपी आला आहे काय? मोमिनपुरा असो की महाल, इतवारी असो की ताजबाग, एखाद्या सकाळी खाकी कपडे घातलेला माणूस दारात येऊन उभा राहतो. "चला, ठाण्यात चला! तुमच्या नावाचे वॉरंट आहे," असे तो दरडावून सांगतो. घरातील माणसे क्षणभर दचकतात. मग तो हसतो, सलाम करतो आणि बक्षिसी मागतो. तो पोलीस नसतोच. उर्दूत तुम्ही त्याला बहुरूपिया म्हणता, मराठीत तो बहुरूपी. ज्याला पुष्कळ रूपे घेता येतात, तो बहुरूपी.

आज आपण अशाच एका मोठ्या बहुरूप्याची ओळख करून घेणार आहोत. त्यांचे नाव दिलीप प्रभावळकर. नाटक, दूरदर्शन आणि चित्रपट या तिन्ही ठिकाणी त्यांनी काम केले. ते भित्रा कारकून झाले, चेटकीण झाले, क्रूर गुंड झाले, प्रेमळ आजोबा झाले आणि एकदा तर महात्मा गांधीही झाले. चेहरा मात्र एकच आणि तोही अगदी साधा. बाजारात शेजारून गेले तर आपण वळूनही पाहणार नाही, असा. मग एवढी माणसे त्या एका माणसात कशी मावली?

हे समजून घेण्याआधी दोन शब्द पाहू. पहिला शब्द 'नक्कल'. तुमच्या 'नक़ल'पासून तो मराठीत आला. दुसरा शब्द 'हुबेहूब'. तुम्ही ज्याला 'हूबहू' म्हणता, तोच हा. नक्कल करणारा दुसऱ्याचा आवाज आणि चाल हुबेहूब उचलतो. आपण हसतो आणि टाळ्या वाजवतो. पण नक्कल म्हणजे अभिनय नव्हे. या दोन्हींत काय फरक आहे, तो प्रभावळकरांच्या आयुष्याकडे पाहिले की हळूहळू ध्यानात येतो.

दिलीप प्रभावळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत झाला. त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले आणि औषधे तयार करणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. बरीच वर्षे नोकरी सांभाळून ते नाटकांत काम करीत. दिवसा कंपनी आणि संध्याकाळी तालीम असा त्यांचा क्रम असे. 'तालीम' हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटेल. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत नाटकाच्या सरावाला तालीम म्हणतात, आणि कुस्तीच्या आखाड्यालाही. तिन्ही अर्थांत एक गोष्ट सारखी आहे. रोज उठून तेच काम पुन्हा करणे आणि प्रत्येक वेळी कालच्यापेक्षा थोडे बरे करणे, म्हणजे तालीम.

त्या काळात रत्नाकर मतकरी हे लेखक मुलांसाठी नाटके बसवीत असत. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या' या नाटकात चिंची नावाची चेटकीण आहे. ही चेटकीण झाले होते दिलीप प्रभावळकर! पुरुषाने चेटकीण व्हायचे, आणि तेही मुलांपुढे! मुले फार कडक परीक्षक असतात. नाटक आवडले नाही तर ती चुळबूळ करू लागतात, शेजाऱ्याशी बोलू लागतात. भीती वाटली पाहिजे आणि हसूही आले पाहिजे, अशी ती भूमिका होती. प्रभावळकरांनी ती गाजवली. उर्दूत तुम्ही ज्याला 'किरदार' म्हणता, त्यालाच मराठीत 'भूमिका' म्हणतात.

आता दूरदर्शनकडे येऊ. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा एकच वाहिनी होती आणि चित्र काळे-पांढरे दिसे. प्रत्येक घरी संच नसे. ज्याच्याकडे असे, त्याच्या घरी शेजारीपाजारी जमत. मुले जमिनीवर बसत, मोठी माणसे मागे उभी राहत. अशा त्या दिवसांत, १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांची मालिका दाखवली जाऊ लागली.

चिमणराव हे चिं. वि. जोशी यांनी निर्माण केलेले पात्र. जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते, पण महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो विनोदी लेखक म्हणून. त्यांचा चिमणराव हा साधा, भित्रा, मध्यमवर्गीय गृहस्थ आहे. तो करायला जातो एक आणि होते भलतेच. त्याचा भाऊ गुंड्याभाऊ दांडगा आणि धीट. दूरदर्शनवर बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले आणि दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले.

हे काम सोपे नव्हते. चिमणरावाच्या कथा लोकांनी आधीच वाचल्या होत्या. १९४० साली 'लग्न पहावे करून' या चित्रपटात दामूअण्णा मालवणकरांनी चिमणरावाचे काम केले होते. म्हणजे चिमणराव कसा दिसतो, कसा बोलतो, याची कल्पना अनेकांच्या मनात पक्की होती. दुसरे असे की दूरदर्शनचा अभिनय रंगमंचापेक्षा निराळा असतो. नागपूरच्या वसंतराव देशपांडे सभागृहात तुम्ही शेवटच्या रांगेत बसला असाल, तर नटाला आपला आवाज तुमच्यापर्यंत पोचवावा लागतो. हात मोठा हलवावा लागतो. कॅमेरा मात्र नटाच्या चेहऱ्याजवळ येतो. तिथे मोठ्याने बोलले तर ते खोटे वाटते. नुसती भुवई उंचावली किंवा बोलता बोलता नट क्षणभर थांबला, तरी प्रेक्षकाला कळते. दूरदर्शनचा नट जणू आपल्या घरात येऊन बसतो, म्हणून त्याला घरातल्यासारखे वागावे लागते. प्रभावळकरांना ते साधले. चिमणराव लोकांच्या घरातला माणूस झाला.

पण प्रसिद्धीबरोबर एक अडचणही येते. एखादी भूमिका फार गाजली की लोक नटाचे नाव विसरतात आणि त्याला भूमिकेच्याच नावाने हाक मारू लागतात. मग निर्मातेही त्याला पुन्हा पुन्हा तशीच कामे देतात. जगभर असे घडत आले आहे. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात 'स्टार ट्रेक' नावाची मालिका दाखवली गेली. तीत लेनर्ड निमॉय या नटाने स्पॉक नावाच्या परग्रहावरील माणसाचे काम केले होते. त्याचे टोकदार कान घरोघरी माहीत झाले. लोक निमॉयला स्पॉकच समजू लागले. १९७५ साली निमॉयने आपल्या आयुष्यावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होता 'मी स्पॉक नाही'. पुढे २० वर्षांनी, १९९५ साली, त्याने दुसरे पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ होता 'मी स्पॉक आहे'. भूमिका नटाला किती घट्ट धरून ठेवते, ते या दोन नावांवरून कळते.

प्रभावळकरांचेही तसे होऊ शकले असते. ते आयुष्यभर चिमणरावच राहिले असते, तरी लोकांनी त्यांच्यावर प्रेम केले असते. पण त्यांनी सोपी वाट धरली नाही. प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा वेगळ्या माणसाकडे वळले. 'वासूची सासू' या नाटकात ते सासू बनून रंगमंचावर आले. 'हसवाफसवी' हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले आणि त्यात एकट्याने सहा भूमिका केल्या. त्यांत एक स्त्री होती आणि कृष्णराव हेरंबकर नावाचे थकलेले, वृद्ध गायकनटही होते. एक पात्र आत गेले की थोड्याच वेळात दुसरे बाहेर येई. वेश, आवाज, चाल, सारे वेगळे. १९९३ साली 'झपाटलेला' हा महेश कोठारे यांचा चित्रपट आला. त्यात प्रभावळकर तात्या विंचू नावाचा गुंड झाले होते. मरताना या गुंडाचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो. ज्या माणसाला पाहून घरोघरी हसू येत असे, त्याच माणसाला पाहून आता मुले आईच्या पदराआड लपू लागली.

मित्रांनो, इथे थोडे थांबू. तुमच्या वर्गात कोणी नकला करणारा मुलगा असेल. समजा, त्याने एखाद्या तोतऱ्या मुलाची किंवा लंगडत चालणाऱ्या माणसाची नक्कल केली. सगळे हसतील. नक्कल हुबेहूबही असेल. पण तोच तोतरा मुलगा पहिल्या बाकावर बसला असेल, तर त्याला काय वाटेल? तो हसेल, की मान खाली घालील? नक्कल आणि अभिनय यांतला फरक इथे उघड होतो.

प्रभावळकरांनी ही परीक्षा दोनदा दिली. 'नातीगोती' हे जयवंत दळवी यांचे नाटक. एका नोकरदार जोडप्याचा मुलगा मतिमंद आहे. ज्याची बुद्धी वयाप्रमाणे वाढत नाही, त्याला मराठीत मतिमंद म्हणत आले आहेत. आता 'बौद्धिक दिव्यांग' असा शब्दही वापरतात. या नाटकात प्रभावळकर अशा मुलाचे वडील होते. मुलावर प्रेम आहे, पण त्याला सांभाळताना शरीर थकते, जीव मेटाकुटीला येतो. ही ओढाताण त्यांना दाखवायची होती.

त्यानंतर १९९१ साली 'चौकट राजा' हा चित्रपट आला. पत्त्यांतल्या ज्या रंगाला तुम्ही 'ईंट' म्हणता, त्याला मराठीत 'चौकट' म्हणतात. चित्रपटाचे दिग्दर्शक होते संजय सूरकर. नंदू नावाचा हुशार मुलगा लहानपणी झाडावरून पडतो. डोक्याला मार लागतो. त्याचे शरीर वाढते, पण मन लहान मुलाचेच राहते. आता प्रभावळकर वडील नव्हते, ते स्वतःच नंदू होते. ज्या दुःखाकडे 'नातीगोती'मध्ये त्यांनी बाहेरून पाहिले होते, त्याच्या आत त्यांना आता शिरायचे होते.

नंदूचे काम करताना मोठा धोका होता. चालण्यात किंवा बोलण्यात थोडे अधिक झाले असते, तर प्रेक्षक त्याला हसले असते. मग तो विनोद एका दुबळ्या माणसाची टिंगल ठरला असता. प्रभावळकरांनी तसे होऊ दिले नाही. नंदू चित्रपटात हसवतो, पण आपण त्याच्यावर हसत नाही, त्याच्याबरोबर हसतो. त्याला राग येतो, त्याला लाज वाटते, त्याला मैत्री हवी असते. तो आपल्यासारखाच माणूस आहे, हे आपल्याला कळते. नक्कल माणसाचे वरचे रूप दाखवते. अभिनय त्याच्या मनात काय चालले आहे, ते दाखवतो.

हे सारे कशामुळे साधते? निरीक्षणामुळे. उर्दूत ज्याला 'मुशाहिदा' म्हणतात, तेच निरीक्षण. त्याचा आणखी एक पुरावा म्हणजे प्रभावळकरांचे लेखन. ते नुसते नट नाहीत, लेखकही आहेत. मुलांसाठी त्यांनी 'बोक्या सातबंडे' नावाच्या खोडकर पण चांगल्या मनाच्या मुलाच्या गोष्टी लिहिल्या. त्यावर २००९ साली चित्रपटही निघाला. वर्तमानपत्रात त्यांनी 'अनुदिनी' नावाचे सदर लिहिले. अनुदिनी म्हणजे रोजनिशी, तुमच्या भाषेत रोजनामचा. एका साध्या कुटुंबातील माणसे काय बोलतात, कशावरून रुसतात, कशाने आनंदतात, हे त्यात येई.

त्या लेखनावरून २००१ साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका सुरू झाली. केदार शिंदे तिचे दिग्दर्शक होते. ती अल्फा मराठी या वाहिनीवर दाखवली जाई. याच वाहिनीला पुढे झी मराठी हे नाव मिळाले. टिपरे कुटुंबात आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे आहेत. घरातले सगळे आजोबांना 'आबा' म्हणतात. इथे एक गंमत ध्यानात ठेवा. उर्दूत दादा म्हणजे वडिलांचे वडील, पण मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ. मराठी घरात आजोबांना 'दादा' म्हणून हाक मारलीत, तर सगळे बुचकळ्यात पडतील!

आबांचे काम प्रभावळकरांनी केले. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते, पण पडद्यावर त्याहून बरेच म्हातारे दिसत. या मालिकेत ना खून होते, ना कट-कारस्थाने. नातवाची परीक्षा, सुनेची धावपळ, आबांचे रुसणे, एवढेच. तरी लोक ती आवडीने पाहत. कारण प्रत्येकाला वाटे, हे आपलेच घर आहे.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. राजकुमार हिरानी हे चित्रपट दिग्दर्शक मूळचे नागपूरचे. त्यांच्या वडिलांची येथे टंकलेखन शिकवणारी संस्था होती. हिरानींनी पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट संकलनाचे शिक्षण घेतले. त्यांचा 'लगे रहो मुन्नाभाई' हा हिंदी चित्रपट २००६ साली आला. मुन्ना नावाच्या गुंडाला गांधीजी दिसू लागतात, ते त्याच्याशी बोलतात आणि त्याला खरे बोलायला लावतात, अशी त्याची कथा आहे. गांधीजींच्या भूमिकेसाठी दिलीप प्रभावळकरांची निवड झाली.

गांधीजींचा चेहरा कोणाला माहीत नाही? तो नोटेवर आहे, शाळेच्या भिंतीवर आहे. आपल्या नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर वर्ध्याजवळ सेवाग्राम आहे. गांधीजी तेथे १९३६ साली राहायला आले. त्यांची कुटी आजही पाहता येते. गांधीजी उर्दूही शिकले होते. हिंदुस्थानी भाषा नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जावी, असे त्यांचे मत होते. अशा सर्वांना परिचित असलेल्या माणसाचे काम करणे फार कठीण. शिवाय हा चित्रपट विनोदी होता. गांधीजींची थट्टा झाली असती, तर लोक दुखावले असते. ते फारच गंभीर झाले असते, तर भिंतीवरच्या तसबिरीसारखे वाटले असते. प्रभावळकरांनी मधली वाट काढली. त्यांचे गांधीजी हळू बोलतात, हसतात आणि मुन्नाला मित्रासारखे समजावतात. चुकलेल्या मुलाजवळ घरातले वडीलधारे माणूस बसते, तसे ते त्याच्याजवळ बसतात.

या भूमिकेसाठी आणि 'शेवरी' या मराठी चित्रपटातील भूमिकेसाठी मिळून त्यांना २००६ या वर्षाचा उत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. सहायक अभिनेता म्हणजे ज्याची भूमिका नायकाची नसते तो. देशाचा हा मोठा सन्मान त्यांना मिळाला, तो लहान भूमिका मोठ्या मनाने केल्याबद्दल.

पुढेही ते थांबले नाहीत. २०१७ साली 'चूकभूल द्यावी घ्यावी' या मालिकेत ते पुन्हा घरोघरी दिसले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'दशावतार' हा चित्रपट प्रदर्शित झाला. दशावतार हा कोकणातील लोकनाट्याचा प्रकार आहे. गावातले कलावंत तोंडाला रंग लावून देव आणि राक्षस होतात. या चित्रपटात प्रभावळकरांनी अशाच एका म्हाताऱ्या कलावंताचे काम केले. तेव्हा त्यांचे वय ८१ वर्षांचे होते. बहुरूप्यानेच बहुरूप्याची भूमिका केली, असे म्हटले तरी चालेल.

आपल्या आयुष्याविषयी त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'एका खेळियाने' असे आहे. खेळिया म्हणजे खेळणारा. दुसऱ्याच्या सुखदुःखाचा खेळ आपल्या अंगावर घेणारा तो नट.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही सगळेच काही नट होणार नाही. पण माणसे पाहायला तर सर्वांनाच शिकता येते. या आठवड्यात एक प्रयोग करून पाहा. तुमच्या ओळखीचे कोणतेही एक माणूस निवडा. कोपऱ्यावरचे चहावाले चाचा असोत, शाळेचे शिपाई असोत किंवा शेजारच्या खालाजान असोत. ते कसे चालतात, कसे बोलतात, हे तर पाहाच, पण त्यांना कशाने आनंद होतो आणि कशाची काळजी वाटते, तेही समजून घ्या. मग वर्गात त्यांची भूमिका करून दाखवा. ती मराठीत केलीत तर अधिकच चांगले. आणि करताना मनात एकच विचार ठेवा. हे माणूस आता पहिल्या बाकावर बसून मला पाहत आहे. माझे काम पाहून ते मान खाली घालील, की हसून म्हणेल, "अरे, हा तर मीच!"